सारा, सावकार आणि सुप्याचा उठाव : दीडशे वर्षांच्या वादाचा आढावा

१२ मे १८७५ हा सुपे गावच्या बाजाराचा दिवस होता. पुणे जिल्ह्यातल्या, तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेल्या या गावात आसपासचे कुणबी जमले आणि त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आगी लागल्या. पुढच्या दोन महिन्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोहोचले. सरकारने पलटणी आणल्या, गावोगाव पोलीस चौक्या बसवल्या आणि ९५१ माणसांना अटक केली.

सरकारी दप्तरात या घटनेची नोंद ‘दख्खनचे दंगे’ अशी झाली. पुढे अभ्यासकांनी तिला शेतकऱ्यांचा उठाव म्हटले. तेव्हापासून दोन प्रश्नांवर वाद चालू आहे. रयतेच्या या अवस्थेला मुळात जबाबदार कोण, सावकार की सरकारचा सारा? आणि या उठावाने कुणब्याच्या आयुष्यात खरा बदल घडला का? या दोन्ही प्रश्नांवर आजवर काय मांडले गेले आणि काय अजून ठरायचे आहे, याचा हा आढावा आहे.

साऱ्याची घडी

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. बंगालमध्ये जमीनदारांशी कायमचा करार झाला होता. इथे तसे न करता प्रत्येक खातेदाराशी थेट जमाबंदी करण्याची रयतवारी पद्धत स्वीकारली गेली. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रिंगल या अधिकाऱ्याने अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या खंड-सिद्धान्ताच्या आधारे मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के हिस्सा सरकारचा ठरवला. कागदावर नेमका दिसणारा हा हिशेब शेतात टिकला नाही. उत्पन्नाचे अंदाज चुकले, धान्याचे भाव पडले आणि रयत जमिनी टाकून जाऊ लागली.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी सुरुवात केली. जमिनीची प्रतबंदी करून दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्यात रूढ केली. पडीक जमीन लागवडीखाली आली, वसुली सुरळीत झाली. या पहिल्या जमाबंदीने रयतेला काही काळ उसंत दिली, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

मतभेद सुरू होतो तो तीस वर्षे संपल्यावर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस थांबल्यामुळे ब्रिटनच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर अवलंबून राहिल्या. पश्चिम भारतात पैसा खेळू लागला आणि भाव चढले. रेल्वेच्या कामांनी मजुरीही वाढली. याच तेजीच्या हवेत इंदापूरपासून फेरजमाबंदी सुरू झाली आणि काही भागांत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. पण तोवर युद्ध संपले होते, भाव उतरू लागले होते. चढत्या भावांवर बेतलेला सारा उतरत्या भावांत भरण्याची पाळी रयतेवर आली.

सारा कर्जात कसा उतरला

सारा रोखीत आणि हप्त्याच्या तारखेला भरायचा असे. पाऊस पडो न पडो, आकडा तोच. सूट आणि तहकुबी मिळे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर होती. पीक विकून पैसा हाती येण्याआधी हप्ता आला की कुणबी सावकाराकडे जाई. पुष्कळदा सावकारच परस्पर सारा भरी आणि ती रक्कम कुणब्याच्या खात्यावर नावे टाकी. सरकारी तिजोरीत पडणारा पैसा आणि सावकाराच्या वहीत चढणारे कर्ज अशा रीतीने एकमेकांत मिसळून गेले.

सावकारी नवी नव्हती. बदलले होते ते तिच्यामागचे बळ. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी पाटील, पंचायत आणि गावाच्या मतावर विसंबावे लागे. इंग्रजी अमलात जमीन विकता आणि गहाण ठेवता येणारी मालमत्ता झाली आणि दिवाणी न्यायालये कागदावर जे असेल ते खरे मानू लागली. १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरची बंधने उठली. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये हा दामदुपटीचा जुना नेम व्यवहारात सर्रास मोडला जाऊ लागला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू होता साचत जाणारे व्याज थोपवण्याचा, परिणाम झाला उलटा. दर तीन वर्षांनी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करून मोकळा होई. दावा लागला की कोर्ट दूर, वकिलाला पैसे नाहीत. म्हणून हुकूमनामे बहुधा एकतर्फी होत. स्वतः विंगेटने १८५२ मध्येच या वाढत्या सावकारी पकडीविषयी सरकारला सावध केले होते.

स्फोटापूर्वीचे दिवस

कापसाची तेजी ओसरल्यावर सावकारांनी हात आखडला. दुसरीकडे नव्या दरांविरुद्ध ओरड वाढली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने सारावाढीची चौकशी केली आणि सरकारकडे दाद मागितली. १८७४ च्या अखेरीस सरकारने वाढीला मर्यादा घातल्या. तालुक्यासाठी ३३ टक्के, एका गावासाठी ६६ टक्के आणि एका खात्यासाठी १०० टक्के, याहून अधिक वाढ करायची नाही असे ठरले. पुढच्या वर्षाच्या आरंभी आणखी एक सवलत आली. सारा थकला तर आधी जंगम मालमत्ता जप्त करावी आणि ती न पुरल्यासच जमीन विकावी. ही सवलत रयतेच्या अंगावर उलटली. थकबाकीत जमीन लगेच जाणार नाही हे दिसताच सावकारांनी कुणब्यांचा सारा भरायला नकार दिला. मामलेदाराचा तगादा आणि सावकाराची पाठ अशा कात्रीत रयत सापडली.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने बाहेरून आलेल्या सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची शेते कसायची नाहीत असे ठरले. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार या बलुतेदारांनी काम बंद केले. बहिष्कार इतर गावांत पसरला आणि पाच महिन्यांनी सुप्याला त्याचे रूप पालटले. उठावाचे लक्ष्य मात्र शेवटपर्यंत ठरलेले राहिले. जिथे सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली तिथे सहसा मारहाण झाली नाही. नोंदलेला हिंसाचार गर्दीच्या मानाने थोडा होता. लोकांना हवा होता तो कागद.

कारणांविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका सरकारी चौकशी आयोगाची. १८५७ च्या आठवणीने धास्तावलेल्या हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारवर चौकशीसाठी दबाव आणला. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्याचा निष्कर्ष असा की सरकारची सारामागणी हे असंतोषाचे कारण नव्हते. सावकारांची लुबाडणूक, रयतेचे अज्ञान आणि सावकाराच्या हाती कोलीत देणारे दिवाणी कायदे यांत दोष होता. हा निष्कर्ष सरकारच्या सोयीचा होता हे खरे, तरी अहवालाचे मोल तेवढ्याने संपत नाही. साक्षी, बाजारभाव, व्याजाचे दर आणि दाव्यांच्या नोंदी त्यात भरपूर आहेत. आयोगातही एकवाक्यता नव्हती. वायव्य प्रांतातून आलेले सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात साऱ्याच्या भाराला अधिक वजन दिले.

दुसरी भूमिका राष्ट्रीय अर्थविचाराची. सार्वजनिक सभा, न्यायमूर्ती रानडे आणि पुढे रमेशचंद्र दत्त यांनी बोट दाखवले ते साऱ्याकडे. दत्तांनी १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांना लिहिलेल्या जाहीर पत्रांत चढत्या आणि अनिश्चित साऱ्याचा संबंध दुष्काळाशी जोडला. कर्झन सरकारने १९०२ च्या ठरावात तो अमान्य केला. रानड्यांचे मत यात अधिक गुंतागुंतीचे होते. सारा हलका आणि कायमचा असावा असे त्यांना वाटे. पण शेतीला स्वस्त भांडवल मिळाल्याशिवाय नुसत्या सारामाफीने भागणार नाही, असेही ते सांगत.

तिसरी भूमिका महात्मा फुल्यांची. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सारा आणि लोकल फंडासारखे उपकर आहेतच. त्यांच्या जोडीला कामगारांची, म्हणजे अंमलदारांची, लाच, कोर्टातली कारस्थाने, सावकारी आणि धर्मविधींच्या नावाखालची नाडणूक हेही आहे. फुल्यांच्या मांडणीत शेतकऱ्याला लुबाडणारा एकटादुकटा कोणी नाही. विद्येपासून वंचित ठेवलेल्या माणसाभोवती उभी राहिलेली ती सगळी व्यवस्था आहे. म्हणून त्यांचे उपायही शिक्षण, बंधारे, तळी, जनावरांची जपणूक असे सर्वांगी आहेत.

चौथा प्रवाह विसाव्या शतकातल्या इतिहासकारांचा. रविंदर कुमार यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले की रयतवारी आणि नव्या कायद्यांनी गावाची जुनी सामाजिक वीण उसवली, सावकाराचे वर्चस्व वाढले आणि त्यातून हा संघर्ष उभा राहिला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये त्याला थेट आव्हान दिले. त्यांच्या मते दंगे थोड्या भागापुरते होते, जमिनी मोठ्या प्रमाणावर सावकारांकडे गेल्याचा पुरावा अपुरा आहे आणि या घटनेला आलेले महत्त्व आयोगाने आणि नंतरच्या कायद्याने दिलेले आहे. आयन कॅटनॅक यांनीही जमिनीच्या हस्तांतराच्या आकड्यांविषयी सावधगिरीचा इशारा दिला. रणजित गुहांसारख्या अभ्यासकांनी प्रश्नच वेगळा विचारला. निरक्षर माणसे नेमका कागद का जाळतात? लिखित शब्द हेच सत्तेचे हत्यार आहे हे त्यांना पुरते उमगले होते, असे त्यांचे उत्तर आहे.

अर्थशास्त्रज्ञांची अलीकडची भर कोर्टांच्या परिणामांविषयी आहे. रेचल क्रॅन्टन आणि आनंद स्वामी यांनी १९९९ मध्ये असे मांडले की दिवाणी न्यायालयांमुळे कर्ज वसूल करणे सोपे झाले, नवे सावकार आले आणि स्पर्धा वाढली. पण त्यामुळेच वाईट वर्षात कुळाला सांभाळून घेण्यात जुन्या सावकाराचा जो स्वार्थ होता तो सुटला. सुधारणा अर्धवट झाली आणि संकटकाळचा आधार गेला.

उठावाने काय बदलले

उठावाचे सर्वांत ठळक फलित म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. आरंभी तो पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. खतावरची रक्कम प्रमाण न मानता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासण्याचे काम कोर्टावर आले. स्पष्टपणे तारण दिलेली नसेल तर जमिनीवर जप्ती आणता येईना. हप्ते बांधून देणे, दाव्याआधी तडजोडीचा प्रयत्न आणि गावपातळीवर दस्तांची नोंदणी या सोयीही झाल्या. कराराचे पावित्र्य सर्वोच्च मानण्याच्या त्या काळात एखाद्या सरकारने खताच्या मागे जाऊन पाहायचे मान्य करावे, ही लहान गोष्ट नव्हती. रानड्यांनी पुढे या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून काम केले.

कायद्याच्या बाजूने बोलणारे दाखवतात की अटकेची भीती गेली, कोर्टात कुळाचे म्हणणे ऐकले जाऊ लागले आणि अवास्तव रकमा खाली आल्या. शंका घेणारे वेगळीच हकीकत सांगतात. सावकारांनी साध्या कर्जाऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. पैसे फेडले की जमीन परत, हे वचन तोंडीच राही. ही पळवाट बुजवायला कायद्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या. कर्ज महागले आणि लहान शेतकऱ्याला ते मिळणे कठीण झाले, असाही आक्षेप होता. सावकाराला पर्याय म्हणून विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकार तयार झाले, पण लंडनहून नकार आला. संस्थात्मक कर्जाची सुरुवात व्हायला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा यावा लागला.

सारापद्धतीला मात्र उठावाचा फारसा धक्का लागला नाही. वाढीच्या मर्यादा उठावाच्या आधीच आल्या होत्या आणि त्यांच्यामागे अर्ज, चौकशा आणि थकलेली वसुली होती. तीस वर्षांनी फेरजमाबंदी करण्याचा सरकारचा हक्क तसाच राहिला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात या जिल्ह्यांनीही फार सोसले आणि कायदा हाती येईपर्यंत, ज्यांना त्याचा लाभ व्हायला हवा होता अशी कितीतरी कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती.

दोन तुलना

त्याच प्रदेशात, त्याच दुष्काळानंतर १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना सोबत घेऊन सशस्त्र बंड केले. सावकारांवरच्या धाडींच्या जोडीला त्यांनी जाहीरनामा काढून सरकारकडे कर कमी करण्याची मागणी केली. सुप्याच्या कुणब्यांनी सावकाराच्या पलीकडे बोट दाखवले नव्हते, फडक्यांनी राज्यालाच आव्हान दिले. बंड काही महिन्यांत मोडले, फडके पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. तात्काळ सवलत पदरात पडली नाही. तरीही रयतेचे दारिद्र्य आणि परकी राज्य यांचा थेट संबंध जोडणारी राजकीय भाषा इथे घडली.

दुसरी तुलना बारडोलीची. १९२८ मध्ये, याच मुंबई इलाख्यातल्या सुरत जिल्ह्यात, सुमारे २२ टक्के सारावाढीविरुद्ध वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली साराबंदी झाली. मागणी एकच आणि मोजता येणारी होती : निःपक्ष चौकशी. ती मान्य झाली आणि ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीने वाढ ६.०३ टक्क्यांवर आणली. इतर तालुक्यांतल्या फेरजमाबंद्याही सरकारने लांबणीवर टाकल्या. संघटित आणि अहिंसक लढ्याने साऱ्याचा आकडा खरोखर खाली येतो हे सिद्ध झाले. पण त्या तालुक्यातल्या पाटीदारांच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या दुबळा, म्हणजे हळपती, मजुरांच्या स्थितीत या विजयाने फरक पडला नाही, याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न जमिनीच्या हस्तांतराचा. नोंदणीचे आकडे खरेदी-विक्री दाखवतात. पण पुष्कळ सावकारांना जमीन कसायची नव्हती. कुणब्याला जमिनीवर ठेवून उत्पन्न आपल्याकडे वळवण्यात त्यांचा फायदा होता. मालकी कागदावर कुणब्याची आणि पीक सावकाराचे, हे आकड्यांत कसे मोजायचे? चार्ल्सवर्थ आणि त्यांचे टीकाकार यांच्यातला बराचसा वाद इथेच अडकला आहे.

दुसरा प्रश्न साऱ्याच्या भाराचा. सरासरी उत्पन्नाशी तुलना केली तर सारा फार नव्हता असे म्हणता येते. पण कुणबी सरासरी वर्षात जगत नाही. अवर्षणाच्या एका वर्षात रोखीने भरलेला तोच सारा पुढच्या दहा वर्षांच्या कर्जाचे बीज ठरू शकतो. भार मोजायचा तो चांगल्या वर्षाच्या मापाने की वाईट वर्षाच्या, यावर निष्कर्ष फिरतो.

तिसरा प्रश्न उठाव कोणी केला हा. काही ठिकाणी पाटील आणि बऱ्या स्थितीतले कुणबी पुढे होते. ब्राह्मण सावकार बहुतांशी वाचले आणि रोख मारवाडी-गुजरांवर राहिला. म्हणून परकेपणाचा राग किती आणि कर्जाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. भूमिहीन मजूर आणि स्त्रिया या उठावात कुठे होत्या, याची नोंद तर जवळजवळ नाहीच. आपल्याकडे रयतेचा जो आवाज आहे तो पोलिसांच्या, कोर्टाच्या आणि आयोगाच्या कागदांतून गाळून आलेला आहे.

चौथा प्रश्न उठावाच्या परिणामाविषयी. विंगेटच्या इशाऱ्यापासून तेवीस वर्षे सरकारला प्रश्न ठाऊक होता. मग १८७९ चा कायदा उठावामुळे आला, की तो केव्हातरी आलाच असता आणि उठावाने फक्त घाई केली? दप्तरात पडून राहिलेला विषय चार वर्षांत कायद्यापर्यंत गेला, एवढे खरे.

आज हा वाद कुठे उभा आहे

एकच कारण पुरे, असे आज गंभीर अभ्यासकांपैकी क्वचितच कोणी म्हणते. सारा, रोखीची सक्ती, कोसळलेले भाव आणि एकतर्फी कोर्ट या साखळीत सावकार शेवटची कडी होता आणि तीच कडी कुणब्याला डोळ्यांसमोर दिसत होती. परिणामांविषयीही ‘सारे बदलले’ आणि ‘काहीच बदलले नाही’ ही दोन्ही टोके मागे पडली आहेत.

माझ्या मते तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. उठाव ज्याच्याकडे बोट दाखवतो, बदल बहुधा तिथपर्यंतच पोहोचतो. सुप्याने खताकडे बोट दाखवले आणि खताचा कायदा बदलला. बारडोलीने आकड्याकडे दाखवले आणि आकडा बदलला. ज्यांचे नाव मागणीत नव्हते ते मागे राहिले. त्यांच्यासाठी वेगळे आणि लांबचे काम करावे लागले. सहकारी पतपुरवठा, १९४६ चा मुंबई सावकारी कायदा, १९४८ चा कूळकायदा आणि प्रवरानगरसारखे सहकारी प्रयोग हे त्या कामाचे टप्पे आहेत. ज्या अहमदनगर जिल्ह्यात खते जळली, त्याच जिल्ह्यात पंचाहत्तर वर्षांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला.

तरी मूळ प्रश्न संपलेला नाही. शेतसारा आज नाममात्र उरला आहे; पण पीक येण्याआधी रोख पैसा लागणे आणि वाईट वर्षाचा भार एकट्या शेतकऱ्याने उचलणे चालूच आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यालाही सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद करावी लागली. १८७९ च्या कायद्याने खताच्या मागे जाऊन पाहायला शिकवले, ते अजून उपयोगी पडते आहे. यापुढच्या संशोधनाने गावागावांतली फेरफार आणि नोंदणीची दप्तरे, कोर्टाचे निकाल आणि मजूर-स्त्रियांच्या नोंदी एकत्र आणून वाईट वर्षात नुकसान नेमके कोणी सोसले हे मोजले, तर जुन्या वादाला उत्तर मिळेल आणि आजच्या कर्जमाफीच्या चर्चेलाही अधिक भक्कम आधार लाभेल.